आमोन : थीब्जचा गुप्त देव

प्राचीन मिसर देशांत देवतांची वाण कधींच नव्हती. परंतु ज्याच्या नांवाचा अर्थच 'गुप्त' असा आहे, त्या देवानें इतर सर्वांवर ताण करावी, ही गोष्ट आम्हांस मोठी कुतूहलाची वाटते. आमोन हा मूळचा थीब्जकडील एक लहानसा देव. थीब्जचे राजे सर्व देशाचे धनी झाले, तेव्हां त्यांच्याबरोबर देवाचेंही भाग्य उदयास आलें. सूर्यदेव 'रा' याच्याशीं त्याचें ऐक्य मानण्यांत येऊन तो आमोन-रा, देवांचा राजा आणि फारोचा पिता ठरला.

कर्नाक येथील त्याच्या सभामंडपांत १३४ खांब आहेत. पण त्याच्या पूजेचा प्रकार पाहिला, म्हणजे आमच्या वाचकांस फारसा परकेपणा वाटणार नाहीं. पहांटे पुजारी गाभाऱ्याच्या दारावरील मातीची मोहोर फोडी, मूर्तीस वस्त्रें नेसवी, नैवेद्य दाखवी. आणि तो नैवेद्य पुढें पुजाऱ्यांच्याच मुखीं पडे! सामान्य जनांस आंत मज्जाव असे. ओपेतच्या उत्सवांत मात्र देवाची नौका खांद्यांवर घेऊन पुजारी बाहेर पडत, व देव लक्सोरच्या देवळीं जाई. अशा प्रसंगीं लोक देवास कौल लावीत. नौका पुढें सरली कीं होकार, मागें हटली कीं नकार. चोरीच्या तंट्यांचा निकालही असा लागे. त्यांत खांदेकऱ्यांच्या मनाचा कौल किती असे, हें सांगावयास नकोच. तिसऱ्या रामसेसच्या अखेरीस तयार झालेल्या यादींत या एका देवस्थानाकडे ८६ हजारांवर माणसें व ४ लाखांवर जनावरें नोंदलेलीं आहेत.

इ. स. पूर्वी १३५० च्या सुमारास अखेनातेन राजानें आतेन म्हणजे सूर्यबिंब हाच देव मानून आमोनचें नांव जागोजाग टांकीनें खोडविलें. स्वतःच्या बापाच्या नांवांतलें 'आमोन'ही त्यानें सोडलें नाहीं. राजा मेला आणि थोड्याच वर्षांत आमोन परत आला. याचें श्रेय बहुतेक इतिहासकार पुजाऱ्यांच्या संपत्तीस देतात. आम्हांस तें अपुरें वाटतें. आतेनची भक्ति राजाच्या द्वारें व्हावयाची. आमोनला मात्र दरिद्री मनुष्यही हांक मारी. थडगीं खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तींत नेब्रे नांवाचा एक चितारी पुढें रामसेसांच्या काळीं होऊन गेला. आमोनच्या गाईसंबंधीं कांहीं अपराध घडल्यामुळें आपला मुलगा मरणोन्मुख झाला, अशी त्याची समजूत होती. मुलगा बरा होतांच त्यानें नवस फेडून एक शिला उभारली, आणि गरिबाच्या हांकेस धांवणारा म्हणून देवाची स्तुति तीवर कोरविली. तसल्या भक्तीला टांकी काय करणार?

पुढें इ. स. पूर्वी ३३१ मध्यें शिकंदर वाळवंट तुडवून सीवा येथें याच देवाच्या कौलास गेला, व त्यानंतरच्या नाण्यांवर त्याच्या मस्तकीं आमोनचीं मेंढ्याचीं शिंगें दिसूं लागलीं. त्याच वळणदार शिंगांवरून शास्त्रज्ञांनीं एका जातीच्या अश्मीभूत सागरी प्राण्यांस 'अमोनाइट' हें नांव दिलें आहे. आमच्या देवघरांतील गंडकीच्या शाळिग्रामांत जें चक्र दिसतें, तें या प्राण्यांच्याच शंखाचें होय.