सिकलसेल, विद्युतभार आणि कार्बनची नळी

मागच्या व्याख्यानात कार्बन नॅनोनळ्या म्हणजे काय, ते आपण पाहिलं. आज त्यांच्यावर प्रथिनं बसवून रोग ओळखण्याचा इतिहास पाहू. पण सुरुवात आपण जपानपासून नको, गोंदियापासून करू. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या भागात सिकलसेल म्हणजे काय, हे फारसं समजावून सांगावं लागत नाही.

1949 साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या आजारातलं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या वेगानं सरकतं. म्हणजे त्याचा विद्युतभारच निराळा. कारण पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी शोधलं: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. पहिल्यावर ऋणभार असतो, दुसऱ्यावर नसतो. बस्स, एवढाच फरक! 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हा विदर्भाची गोष्ट जगापुढे गेली.

आता दुसरा धागा. 1962 मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी इलेक्ट्रोडवर विकर बसवून रक्तातली साखर मोजण्याची कल्पना मांडली. बायोसेन्सर तिथून सुरू झाला. 1991 च्या इजिमा यांच्या निबंधानंतर नॅनोनळ्यांकडे सगळे वळले. 2001 मध्ये स्टॅनफर्डच्या होंगजी दाई यांच्या गटानं पायरीन नावाचा चपटा रेणू नळीला चिकटवून त्याच्या दुसऱ्या टोकाला प्रथिन बांधलं. नळी शाबूत, प्रथिनही जागेवर. 2003 मध्ये डेल्फ्टला सेस डेकर यांच्या गटानं एकाच नळीवर ग्लुकोज ऑक्सिडेज बसवलं आणि साखर मिसळताच नळीची विद्युतवाहकता बदलली.

मग भारातला फरक ओळखणारी नळी गोंदियात का नाही? गरज तर आहेच. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे का, एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे नाही. आणि लग्न ठरवताना नेमकं तेच लागतं, कारण दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के.

अडचण रक्तातल्या मिठाची आहे. त्यातले आयन प्रथिनाचा भार झाकून टाकतात; नळीला जेमतेम एक नॅनोमीटरपर्यंतचंच जाणवतं आणि हिमोग्लोबिन स्वतःच पाच-सहा नॅनोमीटर रुंद! रक्त पातळ करावं तर यंत्राचा सुटसुटीतपणा गेला. शिवाय सगळ्या नळ्या सारख्या नसतात, काही धातूसारख्या वागतात, काही अर्धवाहकासारख्या. आमच्या मते प्रयोगशाळेबाहेर पडायला हीच खरी आडकाठी आहे, पैसा नंतरचा. तोवर देवरीच्या नमुन्याचा शेवटचा निकाल इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवरच लागतो. आणि या दोन्ही पद्धती पॉलिंग यांनी पाहिलेल्या त्याच भाराच्या फरकावर चालतात.