पावसाळ्यात बोटीचा पंखा

आपल्या दिग्रसला अरुणावती धरण आहे, समुद्र नाही. पण आजची गोष्ट कोकणातली. थंड देशांत बोटी हिवाळ्यात बाहेर काढतात, आपल्याकडे पावसाळ्यात. अठराव्या शतकातलं ‘आज्ञापत्र’ सांगतं, आरमार पावसाच्या आठ-पंधरा दिवस आधी छावणीला न्या, तेही दरवर्षी वेगळ्या बंदरात. तेव्हा जपायचं ते लाकूड अन् शीड.

मग इंजिनं आली, पंख्याचा शाफ्ट आला. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट ओढली की शाफ्ट गोड्या पाण्याने धुवायचा, ग्रीस लावून झाकायचा. खारं पाणी लोखंड खातंच, पितळी पंख्याजवळ जरा जास्तच! झिजलेल्या शाफ्टच्या फटीतून भर समुद्रात पाणी आत येतं. म्हणून नारळ वाहण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचा. खरखरला तर बोट लोटायचीच नाही.