‘पूरक’ ही संज्ञा आणि रक्तातील नियामक प्रथिने

शास्त्रीय संज्ञा ही केवळ वस्तूची खूण नसते. त्या वस्तूविषयीचे एक मतही तीत दडलेले असते. मत मागे पडले तरी नाव टिकते. रक्तरसातील ‘पूरक’ प्रथिनांचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय.

ज्यूल बोर्दे यांनी १८९५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखविले की, जंतुनाशास रक्तरसातील दोन द्रव्ये लागतात : एक उष्णता सोसणारे प्रतिद्रव्य, व दुसरे सुमारे ५६ अंश सेल्सियसला निष्प्रभ होणारे. या दुसऱ्यास पॉल एर्लिख यांनी प्रतिद्रव्याचे कार्य पुरे करणारे, अशा अर्थाचे नाव दिले. ‘पूरक’ हा त्याचाच अनुवाद.

नावानुसार पूरक हे प्रतिद्रव्याचे साहाय्यक ठरले. प्रतिद्रव्यावाचूनही ते जागृत होते, असे लुई पिलेमर यांनी १९५४ मध्ये मांडले, तेव्हा तीव्र विरोध झाला. आक्षेप प्रायोगिक होते. तथापि रूढ नावाचाही त्यात वाटा असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पिलेमर १९५७ मध्ये निवर्तले. त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले.

सी-३ हे प्रथिन रक्तात सदैव अल्प प्रमाणात आपोआप जागृत होत असते, आणि त्याचा सी-३-बी हा अंश जवळच्या जंतूस किंवा स्वकीय पेशीस सारखाच चिकटतो. तेव्हा खरा प्रश्न, यास आवरतो कोण, हा आहे. १९६५ मध्ये प्रथम वेगळे केलेले ‘घटक एच’ हे प्रथिन स्वकीय पेशीवरील सियालिक आम्लासारख्या खुणा ओळखून तेथील सी-३-बीला जखडते; मग ‘घटक आय’ त्याचे छेदन करतो. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची कच्ची-पक्की मडकी पारखल्याची कथा सर्वश्रुत आहे. येथे क्रम उलटा : घाव आधी पडतो, पारख मागून होते. पारख चुकल्यास मूत्रपिंडांस गंभीर इजा होऊ शकते. ‘सी-१ निरोधक’ या दुसऱ्या नियामकाची उणीव आनुवंशिक सूजरोगास कारण होते, हे १९६३ मध्ये सिद्ध झाले.

या इतिहासात पुण्याचाही वाटा आहे. अरविंद साहू यांनी अमेरिकेत के व लॅम्ब्रिस यांच्यासह १९९६ मध्ये सी-३ला रोखणारा ‘कॉम्पस्टॅटिन’ हा लघुरेणू प्रसिद्ध केला. त्यापासून विकसित झालेल्या औषधास तेथे २०२१ मध्ये मान्यता मिळाली. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात साहू यांच्या गटाने, देवी व अन्य रोगांचे विषाणू मानवी नियामकांसारखी प्रथिने बनवून पूरकास कसे चकवितात, याचा अभ्यास केला. शत्रूनेही अनुकरण केले ते नियामकांचे, ही गोष्ट सूचक आहे.

‘पूरक’ ही संज्ञा आता बदलणे इष्ट नाही. परंतु मराठी परिभाषाकोशात तिची व्याख्या देताना ‘प्रतिद्रव्यास साहाय्य करणारे’ एवढ्यावर थांबू नये. स्वयंजागृती व नियमन या दोहोंचा निर्देश तीत अवश्य असावा. अन्यथा १८९९ च्या सुमाराचे मत आपण आजच्या विद्यार्थ्यास ज्ञान म्हणून देऊ.