निफाडचे बोधचिन्ह कोणते?

नॉर्वेत अगदी खेडवळ नगरपालिकांनाही बहुधा ढालीवरचे स्वतःचे चिन्ह असते. कुठे पक्षी, कुठे कणीस, कुठे होडी. निफाड तालुक्यासाठी असे चिन्ह निवडायचे झाले, तर बहुतेक जण कांद्याला किंवा द्राक्षाच्या घडाला कौल देतील. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारपेठा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु या भूमीचा इतिहास वाचायचा तो नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रज राजवटीत, १९०७ ते १९१३ या काळात, हा बंधारा उभा राहिला. त्याचे कालवे खाली कोपरगाव-राहात्याच्या अवर्षणग्रस्त मुलखाकडे गेले आणि तेथे ऊस उभा राहिला. पाणी पुढे गेले. गाळ निफाडातच राहिला. जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. अभियंत्याच्या हिशेबी हे निव्वळ नुकसान. पक्ष्यांना मात्र तेच हवे होते. क्रौंच, चित्रबलाक, नाना जातींची बदके हिवाळ्यात येथे उतरू लागली. १९८६ साली अभयारण्य घोषित झाले आणि २०२० साली रामसर यादीत महाराष्ट्राचे पहिले नाव याच जलाशयाचे लागले. पेच आजही कायम आहे : गाळ काढावा तर पक्ष्यांचा अधिवास मोडतो, न काढावा तर कालव्यांचे पाणी घटते.

तालुक्यातील विंचूर हे पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या जहागिरीचे गाव. मूळचे दाणी असलेले हे घराणे त्यामुळेच ‘विंचूरकर’ झाले. (पानिपतावर लिहिणाऱ्यांनी विंचूरला एकदा तरी जावे.) ओझरला स्वातंत्र्यानंतर मिग विमानांचा कारखाना आला.

निफाड गावाचा मोठा मान वेगळाच. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले, म्हणून निफाडकरांचा हक्क जन्मापुरताच. तरी तो सोडण्याजोगा नाही. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात रानड्यांनी बजावले की इंग्लंडातले अर्थशास्त्राचे सिद्धान्त हिंदुस्थानाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. देशी उत्पादनाच्या पाठीशी सरकारने उभे राहिले पाहिजे. त्यांच्याच जन्मतालुक्यात, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा लासलगावचे लिलाव बंद पडले.