हिवताप : उंदरांतील कोशिकाश्रित प्रतिकारक्षमता

हिवतापाच्या परजीवीला (दुसऱ्या जीवाच्या शरीरात राहून त्यावर पोसणाऱ्या जीवाला) शरीर दोन मार्गांनी प्रतिकार करते. रक्तरसातील प्रतिपिंडे (परजीवीला नेमके चिकटणारी प्रथिने) हा पहिला मार्ग होय. टी लसीका कोशिका आणि जंतूंना गिळणाऱ्या भक्षी कोशिका यांनी केलेला प्रतिकार हा दुसरा मार्ग असून त्यास कोशिकाश्रित प्रतिकारक्षमता म्हणतात. ह्या दुसऱ्या मार्गाचे ज्ञान मुख्यत्वे उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले आहे. त्याच कोशिका एका परिस्थितीत प्राण्याला वाचवितात, तर दुसऱ्या परिस्थितीत त्याच्या मृत्यूस कारण होतात, हे या प्रयोगांचे सर्वांत महत्त्वाचे फलित आहे.

प्रायोगिक प्राणी : रॉनल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापाचे डासातील जीवनचक्र उलगडले. त्यानंतर अनेक वर्षे प्रयोगशाळांत पक्षीच वापरले जात. पक्ष्यांच्या तांबड्या कोशिकांत केंद्रक असते, सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या कोशिकांत ते नसते. त्यामुळे पक्ष्यांतील निष्कर्ष माणसास लावण्यावर मर्यादा येत. १९४८ मध्ये आय्. एच्. व्हिन्के व एम्. लिप्स यांनी तत्कालीन बेल्जियन काँगोतील कटांगा भागात रानउंदरातील प्लास्मोडियम बर्घाय ही जाती वर्णिली. ती पांढऱ्या उंदरांत सहज वाढविता येते. पुढे मध्य आफ्रिकेतून योएली, शाबोडी इ. जाती मिळाल्या. यांपैकी काही उंदरास ठार करतात, तर काहींचा संसर्ग आपोआप ओसरतो. प्रतिकाराच्या अभ्यासास हा भेद फार उपयोगी पडला.

रक्तातील अवस्था : १९६१ मध्ये एस्. कोहेन, आय्. ए. मॅक्ग्रेगर व त्यांचे सहकारी यांनी गँबियातील प्रतिकारक्षम प्रौढांच्या रक्तातील गॅमा ग्लोब्युलीन आजारी मुलांना टोचले, तेव्हा मुलांच्या रक्तातील परजीवी झपाट्याने घटले. प्रतिपिंडांचे महत्त्व त्यामुळे सिद्ध झाले. त्याच वर्षी जे. एफ्. ए. पी. मिलर यांनी नवजात उंदरांची यौवनलोपी ग्रंथी काढून टाकल्यास प्रतिकारशक्ती खालावते, असे दाखविले. ही ग्रंथी काढलेल्या घुशीवर्गीय पांढऱ्या उंदरांत (रॅट) बर्घायचा संसर्ग अधिक तीव्र होतो, असे १९६८ मध्ये आढळले. तथापि टी कोशिका प्रतिपिंडनिर्मितीसही साहाय्य करीत असल्याने एवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. १९७६ मध्ये आय्. ए. क्लार्क, ए. सी. ॲलिसन व एफ्. ई. जी. कॉक्स यांनी क्षयाची बीसीजी लस टोचलेल्या उंदरांना हिवतापापासून संरक्षण मिळते, असे दाखविले. येथे परजीवी तांबड्या कोशिकांच्या आतच मरत होते. निर्णायक प्रयोग जे. एल्. ग्रुन व डब्ल्यू. पी. व्हायडान्झ यांनी १९८१ मध्ये केला. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी कोशिकांचा अभाव असलेल्या उंदरांतही शाबोडी जातीच्या एका उपजातीचा संसर्ग आटोक्यात आला. योएलीच्या संसर्गात मात्र असे उंदीर टिकाव धरू शकत नाहीत. कोणता मार्ग प्रभावी ठरतो, हे परजीवीच्या जातीवरही अवलंबून असते, असे त्यावरून दिसून आले.

यकृतातील अवस्था : डासाने सोडलेले परजीवी प्रथम यकृतात वाढतात. क्ष-किरणांनी दुर्बल केलेले असे परजीवी टोचल्यास उंदरांना संरक्षण मिळते, हे आर्. एस्. नुसेनझ्वाइग व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखविले. हे संरक्षण बर्‍याच अंशी सीडी ८ प्रकारच्या टी कोशिका व गॅमा इंटरफेरॉन यांवर अवलंबून असल्याचे १९८७-८८ मध्ये स्पष्ट झाले. यकृतकोशिका परजीवीच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडतात व सीडी ८ कोशिका ते ओळखतात. केंद्रकहीन तांबड्या कोशिकांना हे करता येत नाही. म्हणून रक्तातील परजीवींविरुद्ध सीडी ४ प्रकारच्या टी कोशिका व प्लीहेतील भक्षी कोशिका यांना अधिक महत्त्व येते.

अतिरेकी प्रतिक्रिया : बर्घायच्या एका वाणाने विशिष्ट उंदरांत मेंदूचा घातक विकार होतो. सीडी ४ कोशिका नष्ट केल्यास हा विकार टळतो, असे जी. ई. ग्राउ व सहकाऱ्यांना १९८६ मध्ये आढळले. तर टीएनएफ या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनीही उंदीर वाचतात, असे त्यांनी १९८७ मध्ये दाखविले. गँबियातील मस्तिष्क-हिवतापाच्या बालरुग्णांना औषधांच्या जोडीला अशीच प्रतिपिंडे दिली असता मात्र मृत्यू घटले नाहीत. उलट वाचलेल्या मुलांत मज्जासंस्थेचे दोष अधिक आढळले, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरातील निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लागू होत नाहीत, याचे हे गंभीर उदाहरण होय.

महत्त्व : जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आरटीएस,एस व २०२३ मध्ये पुण्यात तयार होणारी आर २१ या लशींची शिफारस केली. दोन्हींचे संरक्षण मुख्यतः प्रतिपिंडांशी निगडित आहे. यकृतातच वास्तव्य करणाऱ्या सीडी ८ कोशिका उंदरांचे रक्षण करतात, असे २०१६ मध्ये दिसून आले. अशा कोशिका माणसात सुरक्षितपणे व टिकाऊ स्वरूपात निर्माण करणे, हे लसनिर्मितीचे एक महत्त्वाचे उद्दिष्ट आहे.