दोन वह्या आणि उसाची साखर

परवा भाचीचा फोन आला. बारावीला आहे. "मामा, हे २.३०३ कुठून आलं रे?" मी उत्तर दिलं खरं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वतःवरच चिडलो. तिच्या वयाचा असताना मी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता.

आमची रसायनाची वही वेगळी, गणिताची वेगळी. रसायनात केमिकल कायनेटिक्स दिवाळीच्या आधी झालं आणि गणितात इंटिग्रेशन दिवाळीनंतर. मग सर तरी काय करणार? २.३०३ भागिले टी, गुणिले लॉग... असं फळ्यावर लिहून त्यांनी भोवती चौकट काढली आणि "हे पाठच करा" म्हणाले. केलं. पुढे गणितात तेच समीकरण बॅक्टेरियांच्या वाढीचं सोंग घेऊन आलं, तेही पाठ केलं. दोन्ही एकच, हे कुणी सांगितलं नाही आणि मलाही दिसलं नाही. गणित आपल्या डोक्याबाहेरचं, असं ठरवून बीएस्सीला मी ते सोडून दिलं. असो.

गंमत म्हणजे ही दोन वह्यांची भानगड १८५० सालीच मिटली होती, आणि तीही साखरेत! लुडविग विल्हेल्मी हा मूळचा औषधविक्रेता, नंतर भौतिकशास्त्राकडे वळलेला जर्मन माणूस. उसाच्या साखरेच्या पाण्यात आम्ल घातलं की साखर हळूहळू फुटते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवतं, तर फुटून झालेलं मिश्रण डावीकडे. म्हणजे द्रावणाला हातही न लावता, नुसता कोन वाचून किती साखर उरली ते कळतं. विल्हेल्मी कोन वाचत राहिला. त्याला दिसलं की दर क्षणाला फुटणारी साखर ही त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असते. शंभराची पन्नास व्हायला जेवढा वेळ, तेवढाच पन्नासाची पंचवीस व्हायला. हे वाक्य त्याने सरळ डिफरन्शियल इक्वेशन म्हणून मांडलं आणि सोडवलं. उत्तरात नैसर्गिक लॉग येतो. आपली लॉग टेबलं दहाच्या पायाची, म्हणून त्याला २.३०३ ने गुणायचं. बस्स, एवढंच होतं त्या चौकटीत!

पण त्याचा लेख तीसेक वर्षं जवळजवळ कुणी वाचलाच नाही. रसायनवाल्यांना तेव्हा नवी संयुगं बनवण्यात रस, त्यात हे कॅल्क्युलस कोण बघणार? १८६४ साली विल्हेल्मी गेला. पुढे ऑस्टवाल्डने त्याचं काम उजेडात आणलं, १९०९ चं नोबेल मिळालेला तोच ऑस्टवाल्ड.

मला जास्त धीर देणारी गोष्ट मात्र ऑक्सफर्डची आहे. व्हर्नन हारकोर्ट हा तिथल्या क्राइस्ट चर्च कॉलेजातला रसायनशास्त्रज्ञ. (लुईस कॅरॉलही त्याच कॉलेजात गणित शिकवायचा.) पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाची क्रिया किती वेगाने होते, हे हारकोर्ट मोजत होता. प्रयोगात हात पक्का, पण आकडे समीकरणात बसवायला त्याने विल्यम एसन या गणितज्ञाला सोबत घेतलं. १८६६ साली दोघांच्या नावाने निबंध आला आणि पुढे अनेक वर्षं जोडी टिकली. एकाच डोक्यात दोन्ही विषय नसले तर दोन डोकी एका टेबलाशी बसवायची, इतकं सोपं! आमच्या कॉलेजात रसायनाच्या आणि गणिताच्या स्टाफरूममध्ये एक जिना होता. तो चढून कुणी वेळापत्रकाची अदलाबदल केली असती तर? मी गणित सोडलं नसतं असं छातीठोकपणे नाही म्हणवत. पण निदान कारण तरी दुसरं शोधावं लागलं असतं.

त्या दोघांना आणखी एक गोष्ट सापडली होती. क्रियेत तयार होणारा मँगनीजचा क्षारच पुढच्या क्रियेला वेग देतो. त्यामुळे समीकरण बरंच किचकट झालं, पण एसनने चिकाटी सोडली नाही.

भाचीचं परमँगनेटचं टायट्रेशन पुढच्या आठवड्यात आहे. पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जायला वेळ लागतो, मग पुढचे थेंब भराभर विरतात. "ब्युरेटचं रीडिंग घेण्याच्या घाईत ते बघायचं विसरू नकोस," एवढं तिला सांगितलंय. बाकीचं फोनवर जमलं नाही, म्हणून इथे.