गाळणीचा इतिहास

पु. ल. देशपांडे यांच्या 'मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास' या पुस्तकामुळे 'गाळीव' हा शब्द मराठीच्या वर्गात हशा घेऊनच येतो. त्या विनोदाच्या तळाशी मात्र एक गंभीर प्रश्न आहे : गाळले कोणी, आणि कोणासाठी? हाच प्रश्न प्रत्यक्षातल्या गाळणीला, विशेषतः भाजलेल्या मातीच्या म्हणजे सिरॅमिकच्या गाळणीला, विचारून पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी 1884 मध्ये चकाकी न दिलेल्या पोर्सेलिनची नळी गाळणी म्हणून वापरली. तिच्या सूक्ष्म छिद्रांत जिवाणू अडकत. 1892 मध्ये इव्हानोव्हस्की यांना आढळले की, रोगट तंबाखूचा रस या नळीतून गाळला तरी तो रोग पसरवतोच. पुढे 1898 मध्ये बायरिंक यांनी त्या अदृश्य कारणाला 'व्हायरस' म्हटले. गाळणीला जे अडवता आले नाही, त्यातून एक नवे शास्त्र जन्मले! घरोघरच्या फिल्टरमधील पांढरी 'कँडल' ही याच नळीच्या कुळातली.

घरगुती पाण्यापलीकडे या गाळणीला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते राज्यसंस्थेच्या रूपाने. युरेनियमच्या समृद्धीकरणासाठी त्याचा अतिशय दाहक वायू लाखो सूक्ष्म छिद्रांतून दवडावा लागे. फ्रान्सने त्यासाठी सिरॅमिकचे पडदे विकसित केले. या विद्येतून तयार झालेल्या गाळण्या 1980 च्या दशकात दूध आणि मद्य यांच्या उद्योगांत विक्रीस आल्या. अणुभट्टीच्या इंधनासाठी साधलेले कौशल्य दुग्धशाळेत पोहोचले, कारण खर्चाचा पहिला भार सरकारी तिजोरीने उचलला होता.

आजची पुढची पायरी म्हणजे सिरॅमिकचे नॅनोतंतू. धातूचे क्षार मिसळलेले पॉलिमरचे द्रावण उच्च विद्युत्दाबाखाली खेचले की केसाच्या शतांशाहूनही बारीक धागे निघतात. ते भट्टीत भाजले की पॉलिमर जळून जाते आणि मातीचा तंतू उरतो. याची गरज धुराड्यापाशी कळते. पॉलिएस्टरच्या गाळण-पिशव्या साधारण 150 अंश सेल्सियसच्या आसपास हार मानतात, म्हणून तापलेला वायू आधी थंड करावा लागतो व त्याची उष्णता बहुधा वाया जाते. सिरॅमिक ती आच सोसते. पण ते ठिसूळ असते. प्रयोगशाळेतील तळहाताएवढा तुकडा आणि कारखान्यात वर्षानुवर्षे धूळ व हादरे झेलणारी गाळणी यांच्यामधील अंतर याच ठिसूळपणाचे आणि किमतीचे आहे.

याच इतिहासाची एक निराळी शाखा आपल्या पुण्यात आहे. 1981 मध्ये तेथे टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्र स्थापन झाले. त्याचे पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव हे स्वतः सिरॅमिकचे अभ्यासक. या केंद्राने भाताच्या तुसाच्या राखेपासून 'सुजल' हा पाण्याचा फिल्टर सिद्ध केला. आमच्या संगमेश्वरकडे तूस म्हणजे भातगिरणीमागचा ढीग, आणि त्याची राख म्हणजे राखुंडी. त्या राखेतील सिलिका गाळण्याच्या कामी येईल, हे मात्र पुण्याने दाखवले. पुढे राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून डिसेंबर 2009 मध्ये 'टाटा स्वच्छ' बाजारात आला. वीज नको, नळ नको. किंमत 749 व 999 रुपये. तरीही 3000 लिटरनंतर नवा 'बल्ब' घ्यावा लागे. कल्पना सुचल्यापासून दुकानाच्या फळीपर्यंत येण्यास दोन दशकांहून अधिक काळ गेला, आणि एवढे होऊनही खर्च एकदाच संपत नव्हता.

पाण्याला निदान गिऱ्हाईक असते, कारण तहान प्रत्येकाची स्वतःची असते. धुराड्याच्या धुराला आणि कारखान्याच्या सांडपाण्याला असे गिऱ्हाईक नसते. ते गाळण्याचा खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. हे गिऱ्हाईक कायद्यानेच निर्माण करावे लागते. आपल्याकडे त्यासाठी 1974 चा जलप्रदूषणाचा आणि 1981 चा वायुप्रदूषणाचा कायदा झाला. आमच्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यातील लोटे परशुराम येथे रासायनिक उद्योगांची वसाहत आहे, आणि दाभोळ खाडीतील मच्छीमार मासे मरत असल्याची तक्रार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यांच्या दृष्टीने तंतू किती सूक्ष्म हा प्रश्न नंतरचा. गाळणी बसवण्याची सक्ती कोण करणार, आणि ती रात्रीही चालू आहे की नाही हे कोण पाहणार, हे प्रश्न आधीचे आहेत.